‘प्लस’ आधी बेरजेचा नव्हताच

चित्रपटाच्या पोस्टरवर ‘१८+’ दिसलं की कुणी ‘अठरात काय मिळवायचं?’ असं विचारत नाही. अठरा आणि त्यापुढचे, हे सांगावं लागत नाही. गणिताच्या शिक्षकाला हे अर्धवट सोडलेलं उदाहरण वाटेल, पण शब्दाचा जुना अर्थ नेमका हाच आहे. बेरीज त्याला मागाहून चिकटली.

‘प्लस’ मूळचा लॅटिन, अर्थ ‘जास्त’. इंग्रजीतले ‘सरप्लस’ आणि ‘प्लुरल’ त्याच्याच घरचे. माणूस गोंधळून अवाक झाला की इंग्रजीत ‘नॉनप्लस्ड’ म्हणतात. त्यातला ‘नॉन प्लस’ म्हणजे ‘आणखी नाही’, थोडक्यात बोलणं खुंटलं. फ्रेंचांनी तर कमाल केली आहे. बोलताना ‘हवं’च्या वाक्यात ‘प्लूस’चा शेवटचा ‘स’ उच्चारला तर ‘आणखी हवं’, गिळला तर ‘आता नको’!

चिन्हाची गोष्ट वेगळी. लॅटिनमध्ये ‘आणि’ला ‘एत’ म्हणतात. तो घाईघाईने लिहिता लिहिता शेवटी नुसती फुली उरली, असं बहुतेक इतिहासकार मानतात. छापील पुस्तकात ती पहिल्यांदा दिसते १४८९ साली, लायप्झिगला, योहानेस विडमानच्या व्यापारी हिशोबाच्या पुस्तकात. तिथे अंजिरांच्या पेट्यांचं एक उदाहरण आहे. एका पेटीपुढे ‘४ + ५’, दुसरीपुढे ‘४ − १७’. पहिलं म्हणजे नऊ नव्हे. चार सेंटनर (शंभर पौंडांचं जुनं जर्मन वजन), वर पाच पौंड. दुसरं म्हणजे चार सेंटनरला सतरा पौंड कमी. पेटी ठरल्या वजनाहून भारी की हलकी, एवढीच ती खूण. विडमान स्वतःही + म्हणजे ‘जास्त’ असंच सांगतो. इटलीत मात्र त्या काळी ‘जास्त’ आणि ‘कमी’साठी ‘प’ आणि ‘म’सारखी आद्याक्षरंच चालत. इंग्लंडमध्ये गणितज्ञ रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ सालच्या आपल्या पुस्तकातून ही चिन्हं रूढ केली. बरोबरचं चिन्हही त्याच पुस्तकातलं.

याच्या किती तरी आधीच्या भूर्जपत्रांवर हीच फुली उलट्या अर्थाने आहे. १८८१ साली पेशावरजवळ सापडलेल्या बख्शाली हस्तलिखितात, म्हणजे गणिताच्या जुन्या भारतीय पोथीत, संख्येनंतर + असेल तर ती संख्या ऋण समजायची. बेरजेसाठी तिथे ‘यु’ आहे, ‘युत’ म्हणजे ‘जोडलेलं’ यातला. आजच्या विद्यार्थ्याने ते पान नुसतं चिन्हं बघून सोडवलं, तर उत्तर हमखास चुकेल.

विजेतही ‘प्लस’ शिरला तो ‘जास्त’ म्हणूनच. वीज हा एकच प्रवाही पदार्थ आहे, असं बेंजामिन फ्रँकलिन मानत असे. तो जास्त झाला तर प्लस, कमी पडला तर मायनस, हे त्याने १७४७ सालच्या पत्रात लिहिलं. पुढे १८९७ साली जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला आणि त्याचा भार निघाला ऋण. तोवर नावं पक्की झाली होती. म्हणून आजही आकृतीत विद्युतप्रवाहाचा बाण प्लसकडून निघतो आणि तारेतले इलेक्ट्रॉन उलट दिशेने जातात.

पुढे हे चिन्ह हाताला लागेल तिथे वापरलं गेलं. रक्तगटातला प्लस म्हणजे आरएच घटक (तांबड्या पेशींवरचं एक प्रथिन) ‘आहे’. फोन नंबराआधीचा प्लस म्हणजे परदेशी फोन लावताना सुरुवातीला दाबायच्या क्रमांकाची जागा, कारण तो क्रमांक प्रत्येक देशात सारखा नाही. ‘सी प्लस प्लस’ या संगणकभाषेच्या नावातले दोन प्लस म्हणजे ‘एकाने वाढव’, म्हणजे ‘सी’ची पुढची पायरी. बेरीज खरी ती एवढ्यातच.

मराठीला हे सगळं परकं वाटू नये. ‘दोन अधिक दोन’मधला ‘अधिक’ आधी जास्तच होता. ‘अधिक महिना’ आणि ‘कमी-अधिक’मध्ये तो अजून तसाच आहे. आता बोलण्यात ‘प्लस’ही ‘शिवाय’च्या जागी येऊन बसलाय. गंमत म्हणजे ‘प्लस पॉइंट’ हा नेहमी गुण असतो, पण नुसता ‘प्लस’ बहुतेकदा तक्रारीला तक्रार जोडतो: ‘घर लांब आहे, प्लस लिफ्ट नाही.’