शंभर रवाळ फोटोंचा एक फोटो

मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा (ताऱ्यांमधल्या चमकत्या वायू-धुळीच्या ढगाचा) गुलाबी-निळा फोटो दाखवला की हमखास कुणीतरी म्हणतं, ‘रंग नंतर भरलेत ना? दुर्बिणीतून तर नुसता राखाडी धूर दिसतो!’

राखाडी दिसतो हे खरं, पण त्याला कारण आपला डोळा. मंद उजेडात डोळ्यातल्या दंडपेशीच काय त्या काम करतात आणि त्यांना रंग कळत नाहीत. शिवाय डोळा प्रकाश साठवत नाही, कॅमेरा साठवतो. उलट तेजोमेघातल्या हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश साध्या डीएसएलआरमधला फिल्टर बराचसा गाळूनच टाकतो. अमेरिकी खगोलछायाचित्रकार हेन्री ड्रेपरने ३० सप्टेंबर १८८० रोजी याच तेजोमेघाचा पहिला फोटो काढला, तो ५१ मिनिटांच्या एक्स्पोजरने, म्हणजे तेवढा वेळ प्रकाश साठवून.

आज दुर्बिणीची नेत्रिका (डोळा लावायची भिंगं) काढून तिथे अडॅप्टरने कॅमेरा बसवला की दुर्बीणच लेन्स होते. दुर्बिणीचं नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) ५०० मिलिमीटर आणि पिक्सेल ४ मायक्रॉनचा धरा. एका पिक्सेलच्या वाट्याला आकाशाचा साधारण १.६५ विकलांचा तुकडा येतो (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). पृथ्वी फिरते म्हणून खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला १५ विकला सरकतो. म्हणजे एका सेकंदात नऊ पिक्सेल! त्यामुळे माउंटचा, म्हणजे दुर्बीण ज्यावर फिरते त्या बैठकीचा, अक्ष ध्रुवाकडे रोखून मोटरने दुर्बीण ताऱ्यामागे फिरवत ठेवावी लागते. पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर. समोर टेकडी किंवा सोसायटीची पाण्याची टाकी आली की बसा शोधत.

इतकं करूनही मिनिटभराची फ्रेम, म्हणजे एक सुटा फोटो, रवाळच येते. खरी गंमत इथून पुढे आहे.

प्रकाशकण वेळापत्रक लावून येत नाहीत. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांसारखे ते कसेही येतात. सरासरी १०० यायचे तिथे कधी ९२ येतात, कधी १०९. हा चढउतार सरासरीच्या वर्गमुळाएवढा असतो: १०० ला १०, पण १०,००० ला फक्त १००. या चढउतारालाच गोंगाट म्हणतात, फोटोतला रवाळपणा तोच. प्रकाश शंभरपट, गोंगाट दहापट. म्हणून एकाच जागेच्या अनेक फ्रेम घेऊन त्या संगणकावर एकमेकींवर रचतात. याला स्टॅकिंग म्हणतात.

आता शहरातला हिशेब बघू. तेजोमेघाच्या फिकट कडेवरून एका पिक्सेलला दर फ्रेमला १० कण मिळतात आणि दिव्यांनी उजळलेल्या आकाशाकडून १००. एकूण ११०, चढउतार साडेदहा. आपले दहा त्यात बुडाले. शंभर फ्रेम रचल्या तर आपले १,०००, एकूण ११,००० आणि चढउतार १०५. आता कड गोंगाटाच्या साडेनऊपट ठळक झाली. आकाशाचा सरासरी उजेड वजा करता येतो, त्याचा चढउतार मात्र वजा होत नाही. तो फोटोतच राहतो. आकाशाचे १०० ऐवजी १० च कण येतील अशा गावी गेलात तर तेवढंच ठळक चित्र अठरा-एकोणीस फ्रेममध्ये मिळतं. कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट मी या हिशेबात धरलेला नाही.

म्हणून आम्ही मंडळी अमावास्येची वाट बघतो. त्या रात्री घराबाहेर पडू नये म्हणणाऱ्यांचे आभारच मानायला हवेत, माळरान मोकळं मिळतं! आणि ‘५२५ पट मोठं दिसेल’ असं छापलेली खोक्यातली दुर्बीण घेऊ नका. फिकट वस्तूंना मोठेपणा नव्हे, प्रकाश हवा असतो.

स्टॅकिंगने सगळेच दोष जात नाहीत. सेन्सर तापला की काही पिक्सेल दर फ्रेममध्ये त्याच जागी चमकतात. ते यादृच्छिक नसल्यामुळे रचल्यावर उलट उठून दिसतात. त्यांच्यासाठी दुर्बिणीला टोपी लावून, तेवढंच एक्स्पोजर आणि तेच तापमान ठेवून काळ्या फ्रेम घ्यायच्या आणि त्या वजा करायच्या. शिवाय दर दोन-तीन फ्रेमनंतर दुर्बीण मुद्दाम काही पिक्सेल सरकवतात. तारे जुळवून फ्रेम रचल्या की तारा जागेवर राहतो आणि चमकणारा पिक्सेल दर वेळी वेगळीकडे पडून सरासरीत विरतो.