सवय शरीराला नव्हे, जिवाणूंना

"आईला आता साध्या अँटिबायोटिकने गुणच येत नाही, शरीराला सवय झाली तिच्या." बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका मेडिकलमध्ये हे ऐकलं. काउंटरपलीकडच्या माणसाने मान डोलावली आणि चिठ्ठी न बघता 'जास्त पॉवरची' स्ट्रिप काढून दिली. हा समज चांगल्या शिकलेल्या घरांतही आहे, आणि तो चूक आहे. औषधाला दाद न देणारे असतात ते जिवाणू. म्हणूनच ज्याने वर्षानुवर्षं अँटिबायोटिक घेतलेलं नाही, अशा माणसालाही ऑपरेशननंतर आयसीयूमध्ये हे जिवाणू गाठू शकतात. क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास ही त्यांतली नेहमीची नावं. लघवीची नळी, व्हेंटिलेटरची नळी, सलाईनची सुई आणि न धुतलेले हात, हे त्यांचे आत शिरायचे रस्ते.

पण जिवाणू औषध निकामी करतो कसं? मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच.

जिवाणूभोवती एक भिंत असते. साखरेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे जोडणारे प्रथिनांचे छोटे तुकडे, अशी तिची वीण. हे आडवे टाके घालणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. पेनिसिलीनचा रेणू त्या तुकड्याच्या टोकासारखा दिसतो, म्हणून विकर चुकून त्यालाच पकडतं. पेनिसिलीनच्या मधोमध तीन कार्बन आणि एक नायट्रोजन अशा चार अणूंचं कडं असतं. या अणूंना आपल्या बंधांमध्ये साधारण १०९ ते १२० अंशांचा कोन हवा असतो, इथे तो जेमतेम ९० अंशांचा. उत्तरायणाच्या पतंगाची वाकवलेली कमान जशी सरळ व्हायला टपलेली असते, तसं हे कडं उघडायला टपलेलं असतं. विकराने पकडताच ते उघडतं आणि विकराला घट्ट चिकटून बसतं. टाके थांबतात, भिंत कमकुवत होते, पाणी आत घुसतं आणि जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून पेनिसिलीन आपल्या पेशी फोडत नाही.

जिवाणूंचं उत्तर म्हणजे ते कडं आधीच फोडणारं दुसरं विकर, बीटा-लॅक्टमेज. ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलीन माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं १९४१ साली. ते फोडणारं विकर अब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांनी १९४० मध्येच नोंदवलं होतं. बुरशी आणि जिवाणू यांची ही लढाई माणसाच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

पुढे हेच कडं असलेली कार्बापेनेम गटातली अँटिबायोटिक आली. मेरोपेनेम त्यातलंच. जुनी बीटा-लॅक्टमेज त्यांना सहसा फोडू शकत नसत. मग २००८ साली स्वीडनमधल्या एका रुग्णात, जो आधी नवी दिल्लीला उपचार घेऊन गेला होता, कार्बापेनेमही फोडणारं एनडीएम-१ हे विकर सापडलं. जुन्या विकरांपैकी बहुतेकांत सेरीन हे अमिनो आम्ल कड्याला स्वतः चिकटतं आणि मग पाण्याने सुटतं. एनडीएममध्ये जस्ताचे दोन आयन असतात. ते पाण्याच्या रेणूला असा धारदार करतात, की तोच थेट कड्यावर घाव घालतो. सेरीनला अडवणारं क्लॅव्युलॅनिक आम्ल इथे निरुपयोगी ठरतं, तेच काम करणारं ॲव्हिबॅक्टमसुद्धा. गंमत अशी, की ॲझट्रिओनाम या औषधाचं कडं एनडीएमला फोडता येत नाही. पण त्याच जिवाणूत सेरीनवाली विकरंही बहुधा असतात आणि ती ते फोडतात. म्हणून डॉक्टर ॲझट्रिओनाम आणि ॲव्हिबॅक्टम यांची जोडी वापरतात.

एनडीएमचं जनुक बहुधा प्लाझमिड या सुट्या डीएनए-कड्यावर असतं. जिवाणू त्याची प्रत शेजाऱ्याला देतो, आणि शेजारी वेगळ्या जातीचा असला तरी चालतं. क्लेबसिएलाकडून ई. कोलायकडे ते असंच जातं. त्यातच आपण दर सर्दीतापाला अँटिबायोटिक घेतलं, की तो ताप बहुधा ज्याच्यामुळे येतो त्या विषाणूला काहीच होत नाही. आतड्यातले साधे जिवाणू मरतात आणि प्लाझमिडवाल्यांना मोकळं रान मिळतं.

'सुपरबग' म्हणून बातम्या राक्षस उभा करतात. पण यांतले काही जिवाणू निरोगी माणसाच्या आतड्यातही गुपचूप राहू शकतात. त्यांच्यावर गोमूत्र किंवा काढा चालतो असं फॉरवर्ड करणाऱ्यांनी एकदा आयसीयूतला कल्चर रिपोर्ट, म्हणजे रुग्णाच्या नमुन्यातले जिवाणू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते सांगणारा अहवाल, वाचावा. औषधांच्या नावांसमोर ओळीने 'आर' लिहिलेलं असतं, आर म्हणजे रेझिस्टंट. नातेवाईक म्हणून डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा: अँटिबायोटिक सुरू करण्याआधी कल्चरला नमुना पाठवला का, आणि लघवीची नळी आज काढता येईल का?