वाक्य वर्गाबाहेर कसे गेले: शैलीच्या अध्यापनाची पार्श्वभूमी

लेखनशैली शिकवता येते का, हा वाद निघाला की फिरून फिरून एका अहवालाचा दाखला दिला जातो. अहवाल अमेरिकेतला, १९६३ सालचा. त्यातले एकच वाक्य सगळ्यांना पाठ असते: औपचारिक व्याकरण शिकवल्याने लेखन सुधारत नाही, झालेच तर नुकसान होते. वाक्य खरोखर अहवालात आहे. मात्र ते अर्धेच सांगितले जाते, आणि गेल्या साठ वर्षांतले बरेचसे घोळ त्या उरलेल्या अर्ध्यात आहेत.

जुना काळ थोडक्यात उरकतो. ग्रीक-रोमन वक्तृत्वशास्त्राची पाच अंगे होती आणि शैली हे त्यांतले तिसरे. विषय सुचणे आणि त्याची मांडणी ठरणे आधी, शब्दकळा नंतर. म्हणजे शैली हा वरून चढवायचा साज, हा समज तिथूनच रुजला. आपल्याकडे संस्कृत काव्यशास्त्रकार वामनाने इ. स. ८०० च्या सुमारास रीतीला, म्हणजे शब्दरचनेच्या शैलीला, थेट काव्याचा आत्माच म्हटले. वैदर्भी, गौडी, पांचाली ही रीतींची प्रदेशांवरून पडलेली नावे परीक्षेपुरती सगळ्यांना येतात. नंतरचा काव्यशास्त्रकार कुंतक याचा आक्षेप क्वचितच सांगितला जातो. रीती प्रदेशावरून ठरत असेल तर जितके प्रदेश तितक्या रीती मानाव्या लागतील, असे तो म्हणतो. शिवाय अमुक रीतीत लिहिणे हा काही मामेबहिणीशी लग्न करण्यासारखा देशाचार नव्हे, असा टोलाही हाणतो. त्याच्या मते मार्ग, म्हणजे शैली, कवीच्या स्वभावातून येतो, पण त्या स्वभावाला साजेशी व्युत्पत्ती (बहुश्रुतता) आणि अभ्यासही लागतोच. ‘शैली उपजत की शिकून येणारी’ असे दोनच पर्याय समोर ठेवणाऱ्यांनी हे वाचायला हरकत नाही.

आजच्या वर्गातल्या लेखन-अध्यापनाचा साचा मात्र एकोणिसाव्या शतकातला आहे. अमेरिकेतल्या एका जुन्या विद्यापीठाने १८७४ मध्ये प्रवेशपरीक्षेत निबंध आणला. मुलांचे लेखन पाहून परीक्षक हादरले आणि १८८५ पासून तिथे पहिल्या वर्षाला लेखनाचा सक्तीचा अभ्यासक्रम सुरू झाला. इतरांनी तोच उचलला. दर आठवड्याला निबंधांचा ढीग आणि तपासायला मोजकी माणसे, अशा स्थितीत शैलीकडे बघायला फुरसत कुणाला? चूक शोधणे सोपे होते, तेवढेच झाले. जोडीला १८७७ च्या एका पाठ्यपुस्तकाने रूढ केलेली वाक्याची आकृती काढण्याची पद्धत आली: उद्देश्य-विधेय रेषेवर, विशेषणे तिरप्या फांद्यांवर. मुले आकृत्या सुबक काढू लागली. त्याने लेखन सुधारते, हे गृहीतच धरलेले होते.

त्या गृहीतकाला १९६३ च्या अहवालाने धक्का दिला, आणि तो द्यायलाच हवा होता. त्याचा एक मुख्य आधार लंडनमधला १९६२ चा अभ्यास होता. पाच शाळा, दोन वर्षे. एका गटाला आठवड्याला व्याकरणाचा तास, दुसऱ्या गटाला त्या वेळात जास्तीचे लेखन. दुसरा गट पुढे गेला. अहवालाने यावर जे म्हटले ते असे: औपचारिक व्याकरणाचा परिणाम नगण्य असतो, आणि बहुधा ते प्रत्यक्ष लेखनाच्या सरावाची जागा खात असल्यामुळे अपायकारकही ठरतो. ‘जागा खात असल्यामुळे’ हा कारणाचा भाग पुढच्या उद्धरणांतून गळत गेला. उरले ते एवढेच, की व्याकरण अपायकारक.

ज्यांनी हे लिहिले त्यांनी स्वतःच्या क्षेत्राची तुलना किमयागिरीतून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या रसायनशास्त्राशी केली होती. पुरावा कच्चा आहे याची त्यांना जाण होती. ती सावधगिरीही गळली.

माझ्या मते खरी गफलत मात्र वेगळी. लंडनच्या शाळांत तपासले गेले ते शब्दांच्या जाती ओळखणे, वाक्याचे पृथक्करण करणे. तीच गोष्ट सांगण्याच्या चार तऱ्हांतून एक निवडणे, आणि का निवडली हे सांगता येणे, याची परीक्षा तिथे झालीच नव्हती. पण वेळापत्रकात दोन्ही एकाच तासाला बसत होते. तास गेला तसे दोन्ही गेले.

निवड शिकवण्याचे प्रयोग खरे तर लगेच सुरू झाले होते. १९६५ मध्ये मुलांची वाक्ये वयाबरोबर कशी वाढतात हे मोजण्याचे एक माप आले: एक मुख्य वाक्य आणि त्याला जोडलेली गौण वाक्ये मिळून एक एकक. त्यावर बेतून १९६९ आणि १९७३ मध्ये वाक्ये जोडण्याचे प्रयोग झाले. मराठी व्याकरणाच्या पुस्तकात हा प्रकार वाक्यसंकलन म्हणून असतो, बहुतेकांनी तो गुणांसाठीच केलेला असतो. तीन सुटी वाक्ये घ्या. पाऊस थांबला. मुले मैदानावर आली. मैदानावर चिखल होता. आता ‘पाऊस थांबताच मुले चिखलाच्या मैदानावर आली’ असे लिहिले तर चिखल जाता जाता येतो. ‘चिखल असूनही पाऊस थांबताच मुले मैदानावर आली’ म्हटले की तो अडथळा होतो. ‘पाऊस थांबला आणि मुले मैदानावर आली, पण तिथे चिखल होता’ यात हिरमोड आहे. एकही पारिभाषिक शब्द न वापरता हे बारा वर्षांच्या मुलाला कळते. १९७३ च्या प्रयोगात सातवीतल्या मुलांची वाक्यरचना या सरावाने बारावीच्या मुलांच्या जवळपास गेली.

तरीही १९८० च्या दशकात हे सगळे मागे पडले. लांब वाक्य म्हणजे चांगले वाक्य नव्हे, हा आक्षेप रास्त होता. दुसऱ्याने दिलेली वाक्ये जोडण्यात मुलाचे स्वतःचे म्हणणे कुठे आहे, हाही. त्याआधी १९६६ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकी शिक्षकांच्या एका मोठ्या परिषदेनंतर मुलाच्या अनुभवाला केंद्रस्थानी ठेवण्याचा विचार जोर धरू लागला होता. १९७४ मध्ये तर विद्यार्थ्याला स्वतःच्या बोलीत लिहिण्याचा हक्क आहे, असा ठराव अमेरिकेतल्या लेखनशिक्षकांच्या संघटनेने केला. ठराव योग्यच होता. पण वर्गात त्याचा सोयीचा अर्थ निघाला, की वाक्याला हात लावू नये.

गंमत अशी, की वर्गातून हकालपट्टी होत असताना प्रयोगशाळेत वाक्याला सुगीचे दिवस आले होते. शब्दांची लांबी मोजून लेखक ओळखता येईल, ही कल्पना एका गणितज्ञाने १८५१ मध्ये पत्रात मांडली होती आणि १८८७ मध्ये तिचे आलेखही निघाले. १९६४ मध्ये दोघा संख्याशास्त्रज्ञांनी ती तडीस नेली. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये टोपणनावाने आलेल्या ८५ लेखांपैकी १२ कुणाचे, हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा जुना वाद होता. त्यांनी मोठे शब्द सोडून दिले आणि ‘अपॉन’ (वर) सारखे क्षुल्लक इंग्रजी शब्द मोजले. हॅमिल्टन तो सर्रास वापरी, मॅडिसन जवळजवळ नाहीच. कौल मॅडिसनच्या बाजूने गेला. लेखकाच्या ज्या सवयी त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाहीत, त्यांवरून तो पकडला जातो, हे यातून पक्के झाले. शिकवण्यासाठी याचा उपयोग मात्र शून्य, कारण शिकवायची असते ती जाणीवपूर्वक निवड.

२००७ मध्ये चौथी ते बारावीच्या लेखनावरील प्रयोगांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात वाक्ये जोडण्याच्या सरावाचा परिणाम अधिक ०.५०, तर व्याकरण-अध्यापनाचा उणे ०.३२ आला (शून्य म्हणजे फरक नाही, उणे म्हणजे तुलनेतल्या गटापेक्षा मागे). पुन्हा दुसऱ्याच आकड्याची चर्चा जास्त झाली. अनेक प्रयोगांत व्याकरणाचा गट केवळ तुलनेपुरता ठेवलेला होता, हे तळाशीच राहिले. इंग्लंडने तर २०१३ मध्ये प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षाला व्याकरण-विरामचिन्हांची सक्तीची चाचणीच आणली. मुले वाक्याच्या सुरुवातीच्या क्रियाविशेषणांना अधोरेखित करू लागली आणि पालक वैतागले. त्याच्या एकच वर्ष आधी त्याच देशात लेखनाच्या ओघात, अर्थाशी जोडून व्याकरण शिकवण्याच्या एका प्रयोगाचे निष्कर्ष आले होते. लेखन सुधारले होते, पण फायदा प्रामुख्याने आधीच बऱ्यापैकी लिहिणाऱ्या मुलांना झाला. अडखळत लिहिणाऱ्यांचे काय करायचे, यावर चाचणी काढणाऱ्यांनी काही म्हटलेले नाही.