औषधरोधी जिवाणू आणि खानदेशातील वनौषधी

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर वनस्पतींतून उपाय शोधण्याचे काम जगभर चालू आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून होणाऱ्या खानदेशाचा या शोधाशी संबंध येतो तो मुख्यतः सातपुड्यामुळे. तोरणमाळ, अक्राणी, यावल या पट्ट्यात पानझडी जंगल आहे आणि भिल्ल, पावरा, तडवी वस्त्यांमध्ये झाडपाल्याची औषधे अजून रोजच्या वापरात आहेत.

२०१९ साली जगात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट औषधरोधी जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज आहे. हे जिवाणू कधी विकराने (एन्झाइमने) औषधाचा रेणू तोडतात, कधी औषध ज्या जागी बसते ती जागाच बदलतात, तर कधी आत शिरलेले औषध पेशीच्या पटलातील पंपाने बाहेर फेकतात. वनस्पतींकडून आशा आहे ती या पंपाच्या बाबतीत. एरवी बहुतेक वनस्पतिजन्य द्रव्ये जिवाणू मारण्यात दुबळीच असतात. वापरातली बहुतांश प्रतिजैविके मातीतल्या सूक्ष्मजीवांपासून आणि बुरशीपासून आली, ती उगाच नव्हे. पण झाडालाही जिवाणूंशी झुंजावे लागतेच. दारुहळदीच्या कुळातील एका झुडपात बर्बेरीन हे जिवाणूनाशक द्रव्य असते आणि ते बाहेर फेकणारा जिवाणूंचा पंप अडवणारे दुसरे द्रव्यही त्याच झुडपात असते, हे २००० साली दाखवले गेले. मिऱ्यातील पिपेरीन आणि सर्पगंधेतील रेसर्पीन ही द्रव्येही स्टॅफिलोकॉकस जिवाणूचा असाच पंप रोखतात. मात्र त्यासाठी रेसर्पीन जेवढ्या मात्रेत लागते तेवढे माणसाला सोसत नाही.

सातपुड्यात या दृष्टीने पहिले नाव घ्यावे ते कुड्याचे. हगवणीवर कुड्याच्या सालीचा काढा देतात. सालीतील कोनेसीन हे अल्कलॉइड, म्हणजे नत्रयुक्त वनस्पतिद्रव्य, स्यूडोमोनास आणि ॲसिनेटोबॅक्टर या रुग्णालयांत ठाण मांडणाऱ्या जिवाणूंचे पंप अडवते, असे थायलंडमधील प्रयोगशाळेत दिसले आहे. घोटाळा होतो तो साल ओळखताना. पांढऱ्या कुड्याच्या जागी काळ्या कुड्याची साल बाजारात सर्रास खपते, आणि वाळलेले तुकडे पाहून फरक कळणे कठीण. झाडावर तो सहज दिसतो: पांढऱ्या कुड्याच्या लांब जोडशेंगा सुट्या लोंबतात, काळ्याच्या टोकाशी चिकटलेल्या असतात. बियांची चवही वेगळी, पांढऱ्याचे इंद्रजव कडू आणि काळ्याचे गोड. साल कोणत्या झाडाची, हे न सांगता छापलेल्या निष्कर्षाला फारसा अर्थ उरत नाही.

दुसरे झाड सालईचे. त्याचा डिंक धूप म्हणून जळतो. त्यातील एक बॉस्वेलिक आम्ल मिलिलिटरला २ ते ८ मायक्रोग्रॅम एवढ्या अल्प प्रमाणात ग्रॅम-धन, म्हणजे बाहेरचे जादा पटल नसलेल्या, जिवाणूंची वाढ थांबवते. वनस्पतिजन्य द्रव्यासाठी हा आकडा उल्लेखनीय आहे. ग्रॅम-ऋण जिवाणूंवर मात्र त्याचा विशेष परिणाम नाही, कारण त्यांचे बाहेरचे पटल त्याला आत येऊ देत नाही.

महाविद्यालयीन प्रयोगशाळांत नेहमीची पद्धत अशी: पाला सावलीत वाळवायचा, मिथेनॉलमध्ये अर्क काढायचा, जिवाणू पसरलेल्या आगरच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) थाळीत भोक पाडून त्यात तो सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी भोकाभोवतीचे जिवाणू न वाढलेले स्वच्छ वलय मिलिमीटरमध्ये मोजायचे. निंब, हिरडा, अर्जुन, एकदांडी यांची अशी मोजमापे ढिगाने आहेत. पण वलय अर्क आगरमध्ये किती पसरतो यावरही अवलंबून असते. सालईच्या आम्लासारखे पाण्यात न मिसळणारे द्रव्य गुणी असूनही त्यात मागे पडते. किमान रोधक मात्रा, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारे सर्वांत कमी प्रमाण, काढल्याशिवाय आणि तुलनेसाठी नुसत्या द्रावकाची (मिथेनॉलची) थाळी शेजारी ठेवल्याशिवाय अशा तक्त्यांवर विसंबू नये.

औषधरोधी संसर्गावर शिरेतून देता येईल असे वनस्पतिजन्य प्रतिजैविक रुग्णालयांत आज एकही नाही. जखम चिघळली वा ताप चढला तर काढ्यावर दिवस काढणे धोक्याचे.

हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत दिलेले एकस्व (पेटंट) भारताच्या आक्षेपानंतर १९९७ साली रद्द झाले. पुढे २००२ च्या जैविक विविधता कायद्याने वनस्पती व त्यांविषयीच्या ज्ञानाच्या व्यापारी वापरातील लाभ स्थानिकांनाही मिळावा अशी तरतूद केली, तर २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वनस्पतिजन्य मालावर, तेथील वनवासी समाजांचा हक्क मान्य केला. सालईचा डिंक आणि कुड्याची साल यांना या दोन्ही तरतुदी लागू पडतात.