चांदावरून टप्पा: आमच्या स्लॅबवरच्या यागीमागची जुनी गोष्ट

आमच्या स्लॅबवर 144 मेगाहर्ट्झच्या दोन लांब यागी (एका दांड्यावर आडव्या काड्या लावलेल्या अँटेना) चढल्यापासून गल्लीत रोज एकच चौकशी, एवढी मोठी टीव्हीची अँटेना कशाला? चंद्रावर सिग्नल आपटून परत ऐकायचाय म्हटलं की पोरं हसतात, काय बे, सरळ व्हॉट्सअ‍ॅप कर की. म्हणून जरा मागचं लिहितो, कारण हे खूळ आमचं नाही, 1946 पासूनचं आहे.

त्या वर्षी 10 जानेवारीला, म्हणजे इकडे सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेची तयारी चालू असेल तेव्हा, अमेरिकेत न्यू जर्सीत लष्कराच्या रडारवाल्यांनी चंद्राकडे पल्स, म्हणजे रेडिओ लहरींचा छोटा झटका, सोडली आणि अडीच सेकंदांनी तिचा प्रतिध्वनी आला. प्रमुख होता जॉन डीविट, स्वतः हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला, 1940 मध्ये हाच प्रयोग करून हात हलवत परतलेला. पण मला जास्त आवडतो तो बुडापेस्टचा झोल्टान बाय. युद्धात लॅबचं सामान गेलेलं, रिसीव्हर कमजोर, एका पल्सचा प्रतिध्वनी ऐकू येणं शक्यच नाही. मग गड्याने काय केलं, रिसीव्हरचा करंट पल्सनंतरच्या वेळेप्रमाणे वेगवेगळ्या नळ्यांतल्या पाण्यातून सोडून हायड्रोजन साठवला, पल्स हजारेक वेळा पाठवली आणि ज्या नळीत प्रतिध्वनी पडायला हवा त्या नळीत गॅस थोडा जास्त जमला का ते बघितलं. जमला! 6 फेब्रुवारी 1946. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतो ना, ते अक्षरशः.

आता हे इतकं अवघड का, तर चंद्र सुमारे 3,84,000 किमीवर, आणि तो काही आरसा नाही, पडलेल्या रेडिओ लहरींपैकी सात टक्क्यांच्या आसपासच परत फेकतो, तेही चहूकडे. 144 वर जाऊन येऊन 252 डीबी (डेसिबल) च्या आसपास लॉस, म्हणजे सिग्नल एकावर पंचवीस शून्यं इतक्या पटीने कमी, त्याहून जास्तच. अँटेना सिग्नल एका दिशेला एकवटून गेन देते म्हणून काहीतरी उरतं.

हॅम लोकांना पहिला प्रतिध्वनी 1953 मध्ये मिळाला, आणि दोन स्टेशनांचं खरंखुरं बोलणं 1960 च्या जुलैमध्ये, 1296 मेगाहर्ट्झवर, मॅसॅच्युसेट्स ते कॅलिफोर्निया, दोन्हीकडे क्लबची माणसं आणि मोठ्या डिश. पुढची चाळीसेक वर्षं हा मोठ्या खटाटोपाचा छंद राहिला, चार-आठ-सोळा यागी, किलोवॉटचा अ‍ॅम्प्लिफायर, आणि आवाजात बुडालेलं मोर्स कानाने वेचायचं.

मग आला जो टेलर. पल्सर म्हणजे ठरावीक वेळाने रेडिओ पल्स देणाऱ्या ताऱ्यांचा अभ्यासक, 1993 चा फिजिक्सचा नोबेल, आणि हॅम. आयुष्यभर नॉइजमधून सिग्नल काढलेला माणूस, त्याने 2001 मध्ये कमजोर सिग्नलसाठी डब्ल्यूएसजेटी सॉफ्टवेअर दिलं आणि 2003 मध्ये त्यातली जेटी65 ही मेसेज पाठवायची पद्धत. मेसेज अगदी छोटा, पण तो एका मिनिटाच्या पाळीत हळूहळू पाठवायचा, पुन्हा पुन्हा, आणि कॉम्प्युटर तो साठवत जातो. बघा, बायच्या नळ्याच त्या, फक्त गॅसऐवजी आकडे. माझ्या मते या छंदातली खरी उडी पॉवरची नाहीच, साठवण्याची आहे.

त्यामुळेच सोलापुरातल्या स्लॅबवर हे धाडस करता येतंय. बूमसाठी, म्हणजे मधल्या दांड्यासाठी, भंगारातला अ‍ॅल्युमिनियम पाइप, आडव्या काड्यांखाली इन्सुलेटर म्हणून यंत्रमागाच्या प्लास्टिकच्या कांड्या कापून लावल्यात (पावसात काय होतं बघू), आलेला सिग्नल वाढवणारा प्रीअ‍ॅम्प थेट अँटेनापाशी, कारण केबलमध्ये गेलेलं परत मिळत नाही. इथे चंद्र महिन्यातून दोनदा जवळपास डोक्यावरून जातो, म्हणून अँटेना पार सरळ वर झाली पाहिजे, आमची 60 अंशांनंतर टाकीला अडते. पण उगवताना मजा आहे, सपाट जमिनीवरून परावर्तन मिळून गेन वाढतो, आणि हैदराबाद रोडच्या बाजूला सपाटीला तोटा नाही. तोटा आहे तो शांततेचा, शेजारच्या मागांच्या मोटरी आणि एलईडी बल्बचा खरखराट. म्हणून आम्ही मागांच्या सुट्टीच्या दिवशी चंद्र कधी उगवतो ते बघून बसतो.