‘परत मागवल्या’, पण दारातच उभ्या: अमेरिकी फुल-साइझ एसयूव्हींच्या भरवशामागची पार्श्वभूमी

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या टाहो, सबर्बन, युकॉन, एस्कलेड या एसयूव्ही आणि त्याच ६.२ लिटर इंजिनावर चालणारे दोन पिकअप मिळून ५,९७,६३० गाड्यांचं रिकॉल जाहीर झालं; दोष होता चालतं इंजिन अचानक बंद पडण्याचा. बाहेरचे देश धरले तर आकडा ७ लाखांच्या वर जातो. आपल्याकडे अशा बातमीचा मथळा ठरलेला असतो: ‘कंपनीने गाड्या परत मागवल्या’. वाचणाऱ्याला वाटतं, गाड्या कारखान्यात गेल्या, इंजिनं उतरवली, नवी बसवली. प्रत्यक्षात यातल्या बहुसंख्य गाड्या सर्व्हिस सेंटरला गेल्या, तपासणी झाली आणि ऑइल बदलून त्याच दिवशी मालकाच्या दारात परत आल्या. मालकांचा आजचा राग समजून घ्यायचा तर आधी या शब्दाचा गुंता सोडवावा लागतो.

रिकॉल म्हणजे माल मागे घेणं नव्हे. सुरक्षिततेला बाधक दोष असल्याचं मान्य करून तो फुकट दूर करून देणं, एवढाच त्याचा कायदेशीर अर्थ. गाडी टिकाऊ आहे की नाही, हा प्रश्न त्यात येतच नाही. इंजिन ९० हजार मैलांवर गेलं तर ते मालकाचं नशीब. तेच इंजिन हायवेवर भर वेगात बंद पडलं, तर तो सुरक्षेचा विषय. आपल्याकडे हा शब्द घराघरात पोचला तो २०१३ मध्ये, जेव्हा याच कंपनीने १.१४ लाख टॅव्हेरा परत मागवल्या, आणि तेव्हाही भानगड टिकाऊपणाची नव्हती, धुराच्या चाचणीची होती. सक्तीच्या रिकॉलची तरतूद तर भारतात १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली. तोवर सगळा मामला स्वखुशीचा. मराठीत ‘परत मागवणे’ हे क्रियापद मात्र असं रुळलंय की त्याला आता पर्याय सुचवणंही अवघड.

‘फुल-साइझ’चाही थोडा खुलासा. आपल्या रस्त्यावर फॉर्च्युनर मोठी वाटते. तिची लांबी ४.८ मीटरच्या आत. टाहो साधारण ५.३५ मीटर, सबर्बन ५.७ मीटरच्या पुढे. सबर्बन हे नाव १९३५ पासून चालत आलंय आणि ट्रकच्या चासीवर घराएवढं बॉडीवर्क ही तिची मूळ कल्पना अजून फारशी बदललेली नाही. मधल्या दशकांबद्दल एवढं पुरे. खरी कलाटणी १९७५ ची. तेलटंचाईनंतर इंधन-सरासरीचा कायदा आला, म्हणजे कंपनीने विकलेल्या गाड्यांचं सरासरी मायलेज ठरलेल्या आकड्याखाली जाता कामा नये; त्यात ट्रक वर्गाला कारपेक्षा सैल मापदंड मिळाला. कुटुंबाच्या लांबलचक स्टेशन वॅगन हळूहळू गेल्या आणि त्यांची जागा कागदोपत्री ‘ट्रक’ असलेल्या या गाड्यांनी घेतली. सवलत मिळाली तरी सरासरी राखायचीच होती. व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरांचं इंजिन, तर गिऱ्हाइकाला हवंच. मग तेच व्ही-८ कमी पेट्रोल पिणारं कसं करायचं, या एका प्रश्नातून पुढची जवळपास सगळी दुखणी निघाली.

पहिला प्रयत्न १९८१ चा. गरज नसेल तेव्हा आठपैकी दोन किंवा चार सिलिंडर बंद ठेवणारं इंजिन एका आलिशान कारमध्ये आलं. त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक्सला ते झेपलं नाही. अनेक मालकांनी वायर काढून टाकली आणि गाडी कायमची आठ सिलिंडरांवर चालवली. हीच कल्पना सुधारून २००७ च्या टाहोत आली, आणि मालकांच्या गाऱ्हाण्यांत ‘लिफ्टर’ हा शब्द कायमचा शिरला. लिफ्टर म्हणजे फिरत्या कॅमशाफ्टच्या धक्क्याने इंजिनाच्या झडपा उघडणारा छोटा भाग. सिलिंडर झोपवायचा-उठवायचा तर त्याचे लिफ्टर ऑइलच्या दाबावर अडकणारे-सुटणारे लागतात. एखादा अडकून बसला की टकटक सुरू होते, दुर्लक्ष केलं तर कॅमशाफ्टही खराब होतो. पुढच्या आवृत्तीने सिलिंडर चालू-बंद ठेवण्याच्या दोन-तीन नव्हे, सतरा वेगवेगळ्या जुळण्या शिकल्या, म्हणजे लिफ्टरची उठबस आणखी वाढली. निदान-पोर्टमध्ये (गाडीतले बिघाड वाचायच्या सॉकेटमध्ये) खोचून ही यंत्रणा निष्क्रिय करणारी उपकरणं बाजारात मिळतात आणि ती खपतातही. १९८१ ची वायर काढणं आणि हे, यात मला तरी फरक दिसत नाही.

टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या कारखान्यातून निघालेली २०२१ ची पिढी आरामाच्या बाबतीत मोठी उडी होती. मागच्या चाकांना पहिल्यांदाच स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं. वरच्या मॉडेलांत ६.२ लिटरचं, ४२० हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि त्यात ०डब्ल्यू-२० ऑइल. पातळ ऑइलने घर्षण कमी होतं, सरासरीत चिमूटभर फायदा मिळतो. चिमूट लाखो गाड्यांनी गुणली की मोठी होते.

मग इंजिनं जाऊ लागली. कधी आधी खडखड, कधी काहीच नाही, एकदम ताकद गेली आणि गाडी कडेला. कंपनीने २०२२, २०२३ आणि २०२४ मध्ये तीनदा आतल्या आत तपास करून फाइल मिटवली. जानेवारी २०२५ मध्ये सरकारी चौकशी लागल्यावर चौथ्यांदा दोष सापडला. कारणं दोन सांगितली गेली: कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) आणि क्रँकशाफ्ट (त्या दांड्यांनी फिरणारा इंजिनाचा मुख्य शाफ्ट) यांच्या ऑइलवाटांत राहिलेला गाळ, आणि मापात वा पृष्ठभागाच्या सफाईत चुकलेले क्रँकशाफ्ट. दोन्हीचा शेवट बेअरिंग जाण्यात. कंपनीच्याच दप्तरी अमेरिकेतल्या २८,१०२ नोंदी होत्या, त्यांपैकी १४,३३२ मध्ये चालती गाडी बंद पडल्याची तक्रार. दोष असलेल्या गाड्यांचा अंदाज मात्र ३ टक्के, म्हणजे सुमारे १८ हजार. एका गाडीच्या दोन-तीन नोंदी असू शकतात, हे मान्य. तरी हा हिशेब मालकांच्या घशाखाली उतरलेला नाही.

आणि उपाय? तपासणीत नापास झालेल्या गाडीला नवं इंजिन. पास झालेलीला ०डब्ल्यू-४० ऑइल, नवा फिल्टर, ऑइल भरायच्या तोंडाला नवं झाकण आणि माहितीपुस्तिकेत चिकटवायचा कागद. वाद याच निर्णयावर आहे. ऑइलच्या नावातला पहिला आकडा थंड इंजिनाचा, तो दोन्हींत तोच. फरक पडतो इंजिन तापल्यावर: ४० चा थर जाड राहतो, धातूला धातू लागू देत नाही, किंचित खडबडीत शाफ्टही सांभाळून घेतो. कंपनीची बाजू एवढी, आणि ती चूक नाही. पण मालक विचारतात ते असं: शाफ्ट मापात नसेल तर जाड ऑइलने तो मापात येतो का? आणि जाड ऑइलने इंजिन वाचत असेल, तर पहिल्या दिवसापासून पातळ का घातलं? याच घराण्यातल्या ६.२ लिटरच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारला कारखान्यातूनच ०डब्ल्यू-४० मिळतं. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इंधन-सरासरीत आहे. ते सरळ सांगितलं असतं तर निम्मा राग शमला असता.

जपानी गाडी घेतली असती तर, असा सूर लगेच निघतो. टोयोटाच्या सेक्वोया एसयूव्हीची कीर्ती खरीच आहे, पण ती जुन्या ५.७ लिटर व्ही-८ ने कमावलेली. २०२३ पासून तिच्यात ट्विन-टर्बो व्ही-६ हायब्रिड आहे, आणि त्याच कुळातल्या बिगर-हायब्रिड इंजिनासाठी मे २०२४ मध्ये टुंड्रा पिकअप आणि लेक्सस एलएक्स मिळून सुमारे १ लाख २ हजार गाड्यांचं रिकॉल निघालं. कारण, यंत्रकामातला कचरा आत राहिला. तिथे इंजिनच बदलून दिलं गेलं. हायब्रिड त्यातून वगळली, कारण इंजिन थांबलं तरी मोटरवर गाडी थोडी पुढे जाऊ शकते. म्हणजे पुन्हा तेच: रिकॉलची व्याख्या पाळली गेली, भरवशाचा प्रश्न होता तिथेच राहिला.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत इंधन-सरासरी चुकवण्याचा दंड शून्यावर आणला गेला, त्यामुळे पातळ ऑइलचा हट्ट धरायला आर्थिक कारण फारसं उरलं नाही. त्याआधी दोनच महिने, मे मध्ये, कंपनीने न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडा कारखान्यात नव्या पिढीच्या व्ही-८ साठी ८८.८ कोटी डॉलर जाहीर केले होते. ती इंजिनं २०२७ पासून. तपासणीत पास झालेल्या जुन्या इंजिनांना १० वर्षं किंवा दीड लाख मैलांची वाढीव हमी आहे, यापैकी जे आधी संपेल ते. २०२१ च्या गाडीला ती फार तर २०३१ पर्यंत पुरेल.