सिनेमाचं पुस्तक आणि सिनेमाच्या नावाचं पुस्तक

गोव्यात हरमलला माझ्या आत्याकडे वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने जातात. मे महिन्यात पाहुणे पांगले की मागे उरतं ते ठरलेलं: सनस्क्रीनच्या अर्ध्या बाटल्या, एखादी योगाची चटई आणि पुस्तकं. बाकीचं आत्या टाकून देते. पुस्तक मात्र टाकत नाही, "विद्या ती, टाकू नये रे," म्हणते आणि जिन्याखालच्या फडताळात रचून ठेवते. त्यातली निम्मी जर्मन नि रशियन, म्हणजे आमच्या दृष्टीने नुसती शोभा. उरलेल्या इंग्रजी ढिगातून गेल्या पावसाळ्यात मी दोन जुन्या कादंबऱ्या उचलल्या. एकीच्या शिवणीतून वाळू सांडत होती, दुसरी दमटपणाने फुगून पापडासारखी वळली होती. दोन्हींवर ठळक अक्षरांत 'स्टार वॉर्स', अंतराळातल्या युद्धाच्या त्या गाजलेल्या सिनेमांचं नाव.

वाळूवाली मी म्हापशाच्या एका वाचनवेड्या मित्राला दिली, फुगलेली भाच्याने पळवली. आठवड्याने दोघांची मतं आली. मित्र म्हणाला, "यात नवीन काय आहे? सिनेमाच लिहून काढलाय." भाचा म्हणाला, "मामा, हा सिनेमा कुठला? मी सगळे पाहिलेत, यात असलं काही नाहीच." एकाची तक्रार सिनेमाच आहे म्हणून, दुसऱ्याची सिनेमा नाही म्हणून. पुस्तकांची अदलाबदल केली असती तर दोघेही खूश झाले असते, असं मला तेव्हाच वाटलं.

गोम अशी, की सिनेमाचं पुस्तक वेगळं आणि सिनेमाच्या नावाचं पुस्तक वेगळं. दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात, मुखपृष्ठावर तीच तोंडं, तीच तलवार. पण दोन्हींची जात निराळी. पहिल्याला नॉव्हेलायझेशन म्हणतात: पटकथा घ्यायची आणि तिची कादंबरी करायची. दुसरी ती टाय-इन कादंबरी: पात्रं आणि जग सिनेमाचं, गोष्ट मात्र नवी. ढिलेपणाने बोलताना लोक दोन्हींना टाय-इनच म्हणतात, त्यामुळे घोळ वाढतो. ओळखायची सोपी खूण आतल्या पहिल्या दोन-चार पानांत असते. 'अमक्याच्या पटकथेवरून' अशा अर्थाची ओळ दिसली तर पहिली जात. 'अमक्याने निर्माण केलेल्या व्यक्तिरेखांवर आधारित' असं असेल तर दुसरी.

आता माझ्या हातातल्या जोडीची गंमत. वाळूवाली म्हणजे पहिल्या 'स्टार वॉर्स'चं पुस्तक. लेखक म्हणून नाव सिनेमाचा दिग्दर्शक जॉर्ज लुकास याचं, पण प्रत्यक्षात लिहिलं अ‍ॅलन डीन फॉस्टर या व्यावसायिक कादंबरीकाराने. फुगलेली म्हणजे 'स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय', 1978 सालची, आणि तिचा लेखकही हाच फॉस्टर, या वेळी स्वतःच्या नावाने. हात एकच, भाषा साधारण तीच, आणि तरी दोन्हींबद्दल वाचक दोन टोकांचं बोलतात. याहून चांगली जोडी तुलनेला मिळायची नाही.

पहिलीपासून सुरुवात करू. पुस्तक दुकानात आलं नोव्हेंबर 1976 मध्ये आणि सिनेमा लागला 25 मे 1977 ला. म्हणजे पुस्तक सहा महिने आधी. लेखकापुढे पुरा झालेला सिनेमा नव्हताच, होती ती पटकथा. आमच्या पेडण्यात जत्रेला दशावतार होतो, तिथे लिहिलेले संवाद नसतात. चेहरे रंगवता रंगवता आख्यान ठरतं आणि बोलायचं ते ज्याने त्याने उभ्याउभ्या रचायचं. कादंबरी उतरवणाऱ्याचं काम मला तसलंच वाटतं. प्रसंग ठरलेले, क्रम ठरलेला, पण आत काय चाललंय ते त्याने भरायचं. आणि मागाहून सिनेमावाल्यांनी प्रसंग कापला तर पुस्तकात तो तसाच राहून जातो.

म्हणून या पुस्तकात नायक ल्यूक आणि त्याचा मित्र बिग्ज यांची वाळवंटातल्या गावातली भेट आहे, जी सिनेमात कापली गेली. शेवटच्या हल्ल्यात ल्यूकची तुकडी पडद्यावर 'रेड', पुस्तकात 'ब्लू'. आणि सुरुवातीच्या प्रास्ताविकात सम्राटाचं नाव आहे: पॅल्पटीन. मूळच्या तिन्ही सिनेमांत त्याला नुसतं 'सम्राट' म्हणतात. पडद्यावर हे नाव यायला 1999 उजाडलं. गंमत म्हणजे पुस्तकातला हा सम्राट हांजी हांजी करणाऱ्या खुशमस्कऱ्यांच्या मुठीत गेलेला आहे. सिनेमांत मात्र तोच सगळ्यांना नाचवतो. माझ्या मित्राला हे काही दिसलं नाही, कारण तो गोष्ट शोधत होता. ती त्याला पाठच होती. या जातीच्या पुस्तकात गोष्ट शोधायचीच नसते. पटकथेचा आधीचा खर्डा कसा होता त्याचे अवशेष शोधायचे, नाहीतर पात्राच्या डोक्यात काय चाललं होतं ते.

एके काळी मात्र लोक अशा पुस्तकांत गोष्टच शोधत. ब्रिटनमध्ये 'डॉक्टर हू' या टीव्हीवरच्या विज्ञानकथा मालिकेची टार्गेट प्रकाशनाची पुस्तकं 1973 पासून निघाली तेव्हा घरी व्हिडिओ नव्हता आणि जुने भाग सहसा पुन्हा लागत नसत. चुकलेला भाग बघायचा म्हणजे पुस्तक वाचायचं. बीबीसीने कित्येक भागांच्या टेप पुसल्या, त्यामुळे काही कथा आज मूळ रूपात पुऱ्या बघता येत नाहीत, पुस्तक मात्र हाताशी आहे. त्या वाचकाला 'यात नवीन काय' विचारून बघा.

आता फुगलेली. ही मी दोनदा वाचली, म्हणून हिच्याबद्दल जरा जास्त बोलणार.

'स्टार वॉर्स' चालेल की नाही याची कोणालाच खात्री नव्हती. बेताचा चालला तर कमी पैशांत दुसरा भाग काढता यावा, या हिशेबाने ही कादंबरी लिहून घेतलेली. तो हिशेब पानोपानी दिसतो. सगळी गोष्ट मिंबन नावाच्या धुक्याने भरलेल्या ग्रहावर घडते. धुकं असलं की सेट कमी लागतात. सुरुवातीला अंतराळातली एक चकमक होती, ती महाग पडेल म्हणून लुकासने काढायला लावली. पहिल्या सिनेमातला ल्यूकचा साथीदार हॅन सोलो नाहीच, कारण ती भूमिका करणाऱ्या हॅरिसन फोर्डने तोवर पुढच्या सिनेमासाठी सही केलेली नव्हती. पुढे सिनेमा तुफान चालला, स्वस्तातल्या दुसऱ्या भागाची गरज संपली आणि मागे उरली ती कादंबरी.

वाचकांची मतं तिथून फाटतात. एक गट म्हणतो, हॅन नाही, लढाया नाहीत, चिखल नि दलदल फार, म्हणजे हे 'स्टार वॉर्स' नव्हेच. दुसऱ्या गटाला नेमकं तेच आवडतं: मोठं युद्ध लांब कुठेतरी चाललंय आणि इथे चार माणसं ओल्या जंगलात एक स्फटिक शोधत हिंडताहेत. मी दुसऱ्या गटातला. आषाढात पत्र्यावर पाऊस वाजत असताना ते धुकं वाचायला फार बरं वाटतं, आणि माझी प्रत स्वतःच मिंबनवरून आल्यासारखी दिसत होती.

तिसरं मत भाच्याचं, आणि आज ही कादंबरी हातात घेणाऱ्या बहुतेकांचं. यात ल्यूक आणि राजकन्या लेया यांच्यात चक्क प्रेमाचे इशारे आहेत. भाचा तिथे पोचला तेव्हा पुस्तक पालथं ठेवून माझ्याकडे आला. "ती बहीण ना त्याची?" आहे. पण ते जगाला कळलं 1983 मध्ये. 1978 साली बसून लेखकाने ते कुठून आणायचं? शेवटी ल्यूक खलनायक डार्थ वेडरचा हात तोडतो, तेही पुढच्या सिनेमाशी जुळत नाही. 1980 मध्ये हात तुटतो तो ल्यूकचा.

ही मतं 'हे सिनेमाशी जुळतं का' या प्रश्नाची उत्तरं आहेत. 'कादंबरी जमलीय का' हा प्रश्न निराळा, आणि लोक पहिल्याचं उत्तर दुसऱ्याखाली लिहितात. जुळणं ही अपेक्षा पहिल्या जातीच्या पुस्तकाकडून ठीक आहे, कारण तिथे समोर पटकथा होती. दुसऱ्या जातीचा लेखक भाडेकरू असतो. त्याने घर नीट ठेवायचं, भिंत पाडायची नाही, आणि उद्या मालकाने मागच्या बाजूला नवी खोली काढली तर याची बाग त्यात गेली.

कधी मालकाच्या संमतीने भिंत पडतेही. 1999 च्या 'व्हेक्टर प्राइम' या टाय-इन कादंबरीत हॅन सोलोच्या जोडीदाराला, च्युबॅकाला मारलं. एक चंद्र ग्रहावर कोसळतो आणि हा केसाळ मित्र त्यात जातो. निर्णय लेखकाचा नव्हता, तो वरच्यांनी ठरवलेला होता. पण वाचक चिडले ते लेखकावर, आर. ए. साल्व्हाटोर याच्यावर. दशावतारात पुराणात नसलेला राजा, नसलेलं राज्य खुशाल रचतात, पण त्यात कोणी देवालाच मारला तर पुढची रांग उठून 'हे कुठच्या पुराणात?' विचारेल, तशी गत. आणि एवढं रामायण होऊन 25 एप्रिल 2014 ला सिनेमा काढणाऱ्या लुकासफिल्म कंपनीने जाहीर केलं की या जुन्या कादंबऱ्या यापुढे 'लेजेंड्स', म्हणजे अधिकृत कथेत धरायच्या नाहीत. 2015 च्या सिनेमात च्युबॅका धडधाकट.

उलटंही होतं. टिमोथी झानच्या 1991 च्या 'एअर टू द एम्पायर'मध्ये राजधानीच्या ग्रहाला कोरुसांट हे नाव मिळालं, ते 1999 मध्ये सिनेमाने उचललं. त्याच कादंबरीतला थ्रॉन हा निळ्या कातडीचा सेनापती 2014 च्या घोषणेत बाद झाला, 2016 मध्ये 'रिबेल्स' मालिकेतून परत आला. आमच्या फुगलेल्या पुस्तकातला मिंबनसुद्धा 2018 च्या 'सोलो' सिनेमात दिसतो, चिखलासकट. 'स्टार ट्रेक' या दुसऱ्या अंतराळमालिकेतल्या सुलू या पात्राचं हिकारू हे पहिलं नाव 1981 च्या एका कादंबरीतलं. पडद्यावर ते 1991 मध्ये उच्चारलं गेलं.

दोन्ही खणांत न बसणारीही आहेत. 'फँटॅस्टिक व्हॉयेज' पाहून वाटतं की सिनेमा आयझॅक असिमॉव्हच्या कादंबरीवरून केला. खरं तर कादंबरी पटकथेवरून केलेली, फक्त 1966 मध्ये ती सिनेमाच्या आधी बाजारात आली. सिनेमात सूक्ष्म केलेली पाणबुडी रुग्णाच्या शरीरातच राहून जाते. ती पुन्हा मोठी झाली की त्या माणसाचं काय होईल? असिमॉव्हला हे पटेना, त्याने पुस्तकात तीही बाहेर काढली. आर्थर क्लार्कचं '2001' तर सिनेमाबरोबरच लिहिलं गेलं. पुस्तकात यान शनीकडे जातं, सिनेमात गुरूकडे, आणि पुढच्या भागात क्लार्कने स्वतःचा शनी सोडून गुरू धरला. 'ड्यून' मात्र यात मोजू नका. ती 1965 ची मूळ कादंबरी, नव्या आवृत्तीवर नटांचे फोटो आले म्हणून ती सिनेमाचं पुस्तक होत नाही.

श्रावणात दोन्ही पुस्तकं अदलाबदल करून दिली. मित्राने धुक्याची तीन दिवसांत संपवली आणि असली आणखी आहेत का विचारलं. भाच्याने वाळूवाली वाचून बिग्जचा तो कापलेला प्रसंग शोधून काढला, मोबाइलवर मला दाखवला. मग दोन्ही पुन्हा फडताळात गेली.

ऑक्टोबर संपता संपता आत्याचा फोन आला. वरच्या खोलीतला पोरगा फडताळाशी उभा होता, दोन्ही हातांत दोन. "एकच ने म्हटलंय मी त्याला. कुठचं देऊ?"

मी म्हटलं, "आधी त्याला विचार, सिनेमा बघितलायस का?"